दाढी, पाती आणि बाबा

इथे परदेशात पाच पात्यांचं काडतूस विकत घेणं जिवावर यायचं, म्हणून दुधारी पात्यांकडे वळलो. आता संशोधकाची खोड! रेझर तोच, साबण तोच, दर आठवड्याला फक्त पातं बदललं. माझ्या राठ दाढीवर जपानी फेदर सर्वात तुळतुळीत. हात मात्र हलका हवा.

बाबा एकच पातं काचेच्या पेल्यात घासून महिनाभर पुरवायचे. पण २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं, की केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ असला तरी वाकला की धारेचा टवका उडवू शकतो. उडालेला टवका घासून कसा भरणार?

तेव्हा मंडळी, दाढी आधी दोन-तीन मिनिटं गरम पाण्याने भिजवा आणि पातं ओढायला लागलं की सरळ टाकून द्या. बाबांना हे अजून पटलेलं नाही.