दोन बरण्या, एक फळी

यंत्रातले मला काही कळत नाही, याबद्दल आमच्या घरात एकमत आहे. तरीही गेल्या पावसाळ्यात मी ‘रेड कंट्रोलर’ नावाची वस्तू घ्यायला लॅमिंग्टन रोडवर गेलो. कारणच तसे घडले होते.

घरच्या संगणकाची हार्ड डिस्क एका रात्रीत निवर्तली. मुलीच्या बारशापासूनची छायाचित्रे तिच्याबरोबर गेली. आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्याही गेल्या असत्या. पण त्यांची मूळ कॅसेट मी केवळ आळसामुळे फेकली नव्हती!

“बाबा, आता रेड करू या,” चिरंजीव म्हणाले. मला आधी प्राप्तिकरवाल्यांची धाडच आठवली. पण ही युक्ती निघाली निराळी. 1988 साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ती मांडली. एका महागड्या डिस्कवर भिस्त न ठेवता अनेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपायच्या. सर्वांत साधा प्रकार म्हणजे एकच मजकूर दोन डिस्कवर लिहायचा. चार-चार टेराबाइटच्या दोन घेतल्या, तरी जागा चारचीच मिळते. पण एक गेली तरी दुसरी असते.

दुकानदाराने कार्ड पुढे ठेवले. “याला स्वतःचा मेंदू आहे, स्मरण आहे आणि वीज गेली तर अर्धवट लिखाण जपायला बॅटरीही आहे.” एवढे सगळे असलेला माणूस आमच्या घरात नाही, म्हणून मी खिशात हात घातला.

इतक्यात सौभाग्यवतींनी विचारले, “आणि हे कार्डच बिघडलं तर?”

“मग बहुधा याच जातीचं कार्ड शोधावं लागेल, ताई. डिस्क धडधाकट असल्या तरी परकं कार्ड त्यांना सहसा ओळखत नाही.”

“म्हणजे लोणच्याच्या बरण्या दोन, पण फळी एकच! आणि ह्यांनी चुकून काही पुसलं तर?”

“दोन्हीकडचं पुसलं जाईल,” दुकानदार प्रामाणिक होता.

मी हात खिशातून रिकामाच बाहेर काढला. ज्या कचेरीत दिवसभर शेकडो माणसे लिहीत असतात आणि कपाटात जादा कार्ड तयार असते, तिथे ते शोभते. आमच्याकडे चिरंजीवांनी लिनक्समधल्या सोयीनेच दोन डिस्कची जोडी जमवली. संगणक बिघडला, तरी लिनक्स असलेल्या दुसऱ्या संगणकावर ती वाचता येते. कार्डाच्या पैशांत तिसरी डिस्क आली. तिच्यावर सगळ्याची नक्कल उतरवली आणि ती नाशिकला मेहुण्यांच्या कपाटात ठेवली. येता-जाता ते ती आणतात आणि ताजी करून परत नेतात.

भाऊबीजेलाही ती येईल. नक्कल नीट उतरली की नाही, हे पाहण्याच्या निमित्ताने मी ओव्या लावीन. मध्येच जात्याची घरघर थांबते आणि आई विचारते, “चालू आहे ना रे ते?”

दर वेळी मी उत्तर देतो, “चालू आहे, आई.”