मोकळी जागा

शहर वाढते तसे ते आपली कातही टाकीत जाते. बागांच्या जागी कारखाने उठतात, कारखाने मोडून तेथे पेढ्या आणि दुकाने येतात. या फेरफाराबद्दल अश्रू ढाळीत बसणे विचारी माणसास शोभणारे नव्हे. म्हणून परळ-लालबागेकडे गिरण्यांच्या जागी आज जे उत्तुंग मनोरे उभे आहेत, त्यांकडे पाहून 'जुने तेवढे सोने' असा सूर काढण्याची आमची मुळीच इच्छा नाही. गिरणीतले आयुष्य सुखाचे नव्हते. साचेखात्यातील कानठळ्या बसविणारा खडखडाट आणि श्वासाबरोबर छातीत जाणारा कापसाचा तूस ज्यांनी सोसला, त्यांस त्या दिवसांचे गोडवे गाण्याची हौस क्वचितच असते. आठवड्याची एक सुटी पदरात पडावी एवढ्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली जी चळवळ उभारली, तिला यश येण्यास १८९० साल उजाडावे लागले! तेव्हा आमचा प्रश्न जुने गेले का, हा नाही. जुने जाताना घरातली वाटणी कशी झाली, एवढाच आहे.

या वाटणीचा विचार करावयाचा तर घर कोणी वसविले हे आधी पाहिले पाहिजे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेव येथे मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. भांडवल आणि धाडस मालकांचे, यात शंका नाही. परंतु पुढे भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि वरळीपासून शिवडीपर्यंत जे गिरणगाव पसरले, ते केवळ भांडवलाने पसरले नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी ते वसविले. एकेका गावच्या मंडळींनी मिळून खोली भाड्याने घ्यावी, तिच्यात वीस-पंचवीस जणांनी वळकट्या ठेवाव्यात, आणि पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीच्याने त्याच जागी पाठ टेकावी, असा तो संसार. जेवण खानावळीत, आणि तेही पगाराच्या तारखेपर्यंत उधारीवर. या खानावळी चालविणाऱ्या बायकांचे हिशेब बँकेच्या दारापर्यंत पोहोचावयास प्रेमा पुरव यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ निघावे लागले, ते १९७५ साली. भजनी मंडळे, व्यायामशाळा, शाहिरांचे फड, गणपतीचे मंडप हे सारे त्याच वस्तीने आपल्या तुटपुंज्या पगारातून उभे केले. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. गिरणगावच्या भुईस जी किंमत आली, तीत या सर्वांचा हात होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते. तो रीतसर असा कधी मिटलाच नाही, विरून गेला. कित्येक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्या नाहीत, आणि ज्यांस कापडात नफा दिसेनासा झाला, त्यांस तो पायाखालच्या जमिनीत दिसू लागला.

१९९१ साली शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीची जमीन विकासास काढावयाची तर तिचे स्थूलमानाने तीन वाटे करावेत. एक महापालिकेस उद्यानांकरिता, एक म्हाडास सामान्यांच्या घरांकरिता, आणि उरलेला मालकास. वाटणी समंजस होती. पण दोन वाटे सोडावे लागतात म्हणून बहुतेक मालक पुढेच आले नाहीत, असे सांगण्यात आले, आणि २००१ साली नियमाची भाषा बदलली. आता वाटे फक्त 'मोकळ्या जागेचे' व्हावयाचे. जीवर पत्र्याची का होईना, शेड उभी आहे ती जमीन, शेड पाडल्यानंतरही, मोकळी समजावयाची नाही. समजा, दहा एकरांपैकी आठ एकरांवर साचेखाते आणि गुदामे आहेत. पूर्वी दहा एकरांचे वाटे होऊन लोकांस सहा-साडेसहा एकर मिळते. आता दोन एकरांचे वाटे होऊन जेमतेम सव्वा एकर हाती येते! एका शब्दाच्या अर्थाने इतके एकर इकडचे तिकडे झाल्याचे उदाहरण आमच्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

प्रकरण न्यायालयात गेले. २००५ साली उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून बदललेला नियम कायम केला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न संपला. मालकपक्षाचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नव्हते. बंद गिरणी म्हणजे गंजलेला लोखंडाचा सांगाडा. जमीन विकल्यावाचून थकलेली देणी भागणार कशी, हा त्यांचा सवाल रास्त होता. परंतु ज्या वर्षी उच्च न्यायालयाचा निकाल लागला, त्याच २००५ साली दादरच्या कोहिनूर गिरणीची जेमतेम पाच एकरांची जागा ४२१ कोटी रुपयांस गेली. एवढा भाव येत असता देणी भागविण्यासाठी लोकांच्या वाट्यास कात्री लावणे अपरिहार्य होते, हे आमच्या गळी उतरत नाही.

परिणाम डोळ्यांपुढे आहेत. सर्व गिरण्यांचा मिळून एक आराखडा असावा म्हणून सरकारने चार्ल्स कोरिया यांची समिती १९९६ साली नेमली होती. तिचा आराखडा कागदावरच राहिला. प्रत्येक आवार आपापल्या परीने वाढले. कचेऱ्या, दुकाने, उपाहारगृहे, निवासी मनोरे सारे एकावर एक रचले गेले. मात्र रस्ते आणि स्थानकांचे जिने गिरणगावच्या मापाचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांस आग लागून १४ जण गेले. आणि कामगारांची घरे? २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्ज करणारे लाखाहून अधिक होते.

हे असेच व्हावयाचे असते, असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांस आम्ही त्याच भागातील बी. डी. डी. चाळी दाखवू. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीबद्दल रहिवाशास त्याच भुईवर ५०० चौरस फुटांचे घर द्यावयाचे ठरले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीस पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्याही गेल्या. तेथेही मनोरेच उठत आहेत; पण हिशेबाच्या पहिल्या ओळीत राहणाऱ्याचे नाव आहे. ज्याने त्या भुईवर रात्री अंग टाकले त्याचा हक्क मान्य झाला, आणि ज्याने तिच्यावर दिवसभर राबून घाम गाळला तो सोडतीच्या रांगेत उभा राहिला!

काही आवारांत जुने धुराडे जतन केलेले दिसते. पाहणारे त्याचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. धुराडे राखले हे चांगलेच झाले. पण पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या विस्तीर्ण जमिनीची पाळी आता येत आहे, आणि तेथे राबलेली, राहिलेली माणसे अद्याप हयात आहेत. त्या जमिनीचे नकाशे कचेरीत मांडले जातील तेव्हा 'मोकळी जागा' कोणती हे ठरविण्यापूर्वी तेथे कोण होते, हे विचारले जावे. नागरिकांनी एवढे तरी वेळेवर विचारावे. नियम छापून आल्यावर विचारण्यात अर्थ राहत नाही.