मुळेपलीकडची बाग

बोपोडीहून पिंपरीकडे निघालेली मेट्रो मुळा ओलांडते तेव्हा डब्यातल्या बहुतेक माना मोबाइलमध्ये खुपसलेल्या असतात. बाहेर पाहण्यासारखं फारसं काही नाही, हेही खरं. खाली हॅरिस पूल, त्यावर दुचाक्यांची रांग, आणि उन्हाळा असेल तर नदीच्या जागी जलपर्णीचं कुरण. इतकं दाट की एखादं वासरू फसून त्यात उतरेल की काय, अशी धास्ती वाटावी. अर्ध्या मिनिटात ते दृश्य मागे पडतं आणि दापोडी येते.

दापोडी म्हटलं की बाहेरगावचा माणूस दापोलीच ऐकतो. कोकणातल्या त्या दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, आंबे आहेत, समुद्र जवळ आहे. या दापोडीला एसटीची कार्यशाळा आहे, लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, लोणावळा लोकलचा थांबा आहे. बागबगीचा शोधायला इथे कुणी येत नाही. पण स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात, वनस्पतींची सुमारे 170 जलरंगातली चित्रं जपून ठेवली आहेत आणि ती याच गावाच्या नावाने ओळखली जातात. इंग्रजी उच्चारात दापोडीचं 'दापुरी' झालं एवढंच. 2002 साली एच. जे. नोल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांच्यावर एक देखणा ग्रंथ काढला. चित्रं 1847 ते 1850 या काळात काढलेली. कुणी काढली? एका 'पोर्तुगीज' चित्रकाराने. नाव नाही.

ज्या बागेत ही चित्रं झाली तिची कुळकथा लढाईपासून सुरू होते. दुसऱ्या बाजीरावाने एक कवायती पलटण उभी केली होती. शिपाई त्याचे, पगार त्याचा, अंमलदार मात्र इंग्रज. त्यांचा म्होरक्या कॅप्टन फोर्ड. या फोर्डचा बंगला दापोडीला, मुळेच्या काठी. मुळा आणि पवना यांचा संगम तिथून हाकेच्या अंतरावर. जागा निवडणाऱ्याला नजर होती, हे कबूल करायला हवं. पुण्याच्या पेठांचा गलका नको, पण दरबारात बोलावणं आलं तर तासाभरात घोड्यावरून पोचता यावं, असा तो मुक्काम.

फोर्डचा दरबारातला एक स्नेही होता, मोर दीक्षित. बाजीरावाच्या कारभारातला वजनदार माणूस. 1817 च्या ऑक्टोबरात पुण्याची हवा तापू लागली. पेशव्यांची फौज शहराभोवती गोळा होत होती, आणि संगमावरच्या रेसिडेन्सीत बसलेला एल्फिन्स्टन कागद पाठवत होता, वाट पाहत होता. या दोन मित्रांना कळून चुकलं होतं की आता आपण समोरासमोर उभे राहणार. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात त्यांची हकिगत नोंदवली आहे. दोघांपैकी जो वाचेल त्याने दुसऱ्याच्या घरच्यांकडे पाहायचं, असा शब्द त्यांनी एकमेकांना दिला होता. डफ तेव्हा एल्फिन्स्टनच्या हाताखाली होता आणि हे सारं त्याच्या डोळ्यांदेखत घडत होतं. 5 नोव्हेंबरला दुपारी तो गणेशखिंडीच्या बाजूला होता. खिंडीतून ओतत येणारी पेशव्यांची घोडदळं पाहून त्याला खंबायतच्या आखातातली गर्जत येणारी भरतीची लाट आठवली. जिंकणाऱ्या पक्षाच्या माणसाने हरणाऱ्या फौजेला इतकी भव्य उपमा क्वचितच दिली असेल.

बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. बापू गोखले घोडदळ घेऊन पुढे झाला. फोर्ड दापोडीहून आपली पलटण घेऊन निघाला आणि मुळा ओलांडून खडकीच्या मैदानात इंग्रजांच्या रांगेला येऊन मिळाला. ज्याच्या पैशावर पलटण पोसली गेली त्याच्याच विरुद्ध. जरीपटक्याजवळ मोर दीक्षित होता. एका तोफेचा गोळा त्याला लागला आणि तो पडला. डफ सांगतो, तो गोळा फोर्डच्याच पलटणीच्या तोफेतून सुटला होता. मराठ्यांचं घोडदळ समोरच्या दलदलीत रुतलं, अंधार पडायच्या आत लढाई आटोपली. तिकडे संगमावरची रेसिडेन्सी पेटवून दिली गेली होती आणि तिच्याबरोबर एल्फिन्स्टनची पुस्तकं आणि हस्तलिखितंही जळाली. पुण्यात या लढाईची आठवण काढायची तर बापू गोखल्याची काढतात, आणि ते योग्यच. पण मेट्रो हॅरिस पुलाशेजारून जाते तेव्हा मोर दीक्षिताची आठवण होणारा एखादा तरी प्रवासी असावा, असं वाटत राहतं. मैत्रीखातर दिलेला शब्द आणि तोफेची नळी, दोन्ही एकाच माणसाच्या हाती होती.

पेशवाई बुडाल्यावर पलटणीला काम उरलं नाही. बंगला उरला. 1828 मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याने फोर्डकडून तो घेतला. उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे, अशी गव्हर्नरांची चैनीची घडी तेव्हा बसत होती. मुंबईच्या पावसाला कंटाळलेल्या साहेबाला मुळेकाठची कोरडी हवा मानवली. तिथेच सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. 1838 मध्ये त्याची सूत्रं डॉ. अलेक्झांडर गिब्सनकडे आली. हा स्कॉटलंडचा, पेशाने शल्यवैद्य. त्याआधी दख्खन आणि खानदेशात गावोगाव हिंडून देवीच्या लसी टोचत होता. लस टोचायला फिरणाऱ्या माणसाला वाटेवरचं झाडझाडोरं दिसतंच. डोळे उघडे हवेत एवढंच. गिब्सनचे होते.

दापोडीशिवाय जुन्नरजवळ हिवऱ्यालाही त्याच्या देखरेखीखाली बाग होती. तिथे सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती पिकवल्या जात. कोकणात जंगल तुटतं तिथले झरे आटतात आणि नद्यांची मुखं गाळाने भरतात, हे गिब्सनने 1840 च्या दशकातच सरकारला लिहून कळवलं होतं. 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. पुढे 1861 मध्ये डाल्झेल आणि गिब्सन या जोडीचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला. याच डाल्झेलने सह्याद्रीतल्या एका कोरांटीला 'बार्लेरिया गिब्सोनी' असं नाव देऊन आपल्या जोडीदाराला कायमचं झुडपात नेऊन ठेवलं. कोरांटीत नाव राहणं हे पुतळ्यात राहण्यापेक्षा बरं. कावळे बसत नाहीत.

नाव राहण्यावरूनच पुन्हा त्या चितारीकडे वळावं लागतं.

कंपनीच्या दप्तरात 'पोर्तुगीज' लिहिलं म्हणजे माणूस लिस्बनहून आलेला असायचाच असं नाही. गोवा, वसई, साष्टी इथले ख्रिस्ती लोकही त्या एका शब्दात बसत. स्वयंपाकी, कारकून, बँडवाले, सगळे 'पोर्तुगीज'. हा चित्रकार गोव्याचा असेल, वसईचाही असेल. तो दापोडीत राहिला, गिब्सनने पुढ्यात ठेवलेलं फूल त्याने रंगवलं, एवढं नक्की.

वनस्पतीचं चित्र काढणं हे घड्याळाशी लावलेलं काम असतं. फांदी तोडून आणली की तिचं मरण सुरू होतं. पाकळ्या आधी लवतात, मग पानं, मग देठ. म्हणून जाणता रंगारी आधी फुलाला हात घालतो. कागद ओढून ताणलेला, शिसपेन्सिलीची फिकी रेघ, बशीत कालवलेले रंग. पाकळीचा गुलाबी हा बाटलीतला गुलाबी नसतो. त्यात किंचित जांभळा, किंचित पिवळा कालवावा लागतो, आणि पाकळीच्या बुडाशी तो कुठे विरतो ते पाहून पाण्याने उतरवावा लागतो. पानं दुपारनंतर झाली तरी चालतात. सगळ्यात शेवटी खालच्या कोपऱ्यात फुलाचे अवयव. केसर किती, बीजांडकोश कसा चिरला जातो, बी केवढी. त्यासाठी फूल सुईच्या टोकाने उलगडायचं. पुण्याच्या आषाढात हे करायचं म्हणजे हवेतला दमटपणा कागद सुरकुतवणार, एका पाण्यावर दुसरं पाणी देण्याआधी ते वाळायची वाट पाहत बसावं लागणार, आणि तेवढ्यात फूल मान टाकणार. बागेत झाडं दोन जातींची: काही सह्याद्रीतली, ओळखीची, काही जहाजाने आलेली, जी त्याने जन्मात पाहिलेली नव्हती. दोन्ही सारख्याच निगुतीने उतरवायची. घरच्या झाडाला लाड नाही, परक्याला नवलाई नाही. चांगल्या शास्त्रीय चित्राची हीच गंमत असते, आणि बऱ्याच नावाजलेल्या निसर्गचित्रकारांना ती साधत नाही.

बागेचा मुख्य बदलला की नोंद होते. रोप आलं की नोंद होते. रोप मेलं तरी होते. ज्याने ते रोप मरायच्या आत कागदावर जिवंत ठेवलं, त्याच्या जातीधर्माची ढोबळ नोंद तेवढी झाली. गोव्यात देवळांचे खांब आणि लाकडी पाट रंगवणाऱ्यांना चितारीच म्हणतात, आणि त्यांच्यातही कामावर सही करायची चाल नव्हती. पण तिथे निदान गावाला माहीत असायचं, हा खांब कुणाच्या हातचा.

गव्हर्नरांना पुढे दापोडी अपुरी वाटू लागली. अमेरिकेत यादवी पेटली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला होता. त्या भरात सर बार्टल फ्रिअरने 1864 मध्ये गणेशखिंडीत नवा गव्हर्नमेंट हाउस उभारायला घेतला. वास्तुशिल्पी जेम्स ट्रुबशॉ. इमारत पुरी व्हायला 1871 उजाडलं. तोवर अमेरिकेतलं युद्ध संपून मुंबईचा बाजार कोसळला होता, बँक ऑफ बाँबे बुडाली होती, आणि खर्चावरून विलायतेपर्यंत बोंब झाली होती. दापोडीचा बंगला मागे पडला. नव्या वास्तूचा उंच मनोरा आजही विद्यापीठाच्या झाडीतून डोकावतो. इटलीच्या एखाद्या गावातून उचलून आणल्यासारखा तो दिसतो. काळ्या दगडाच्या दख्खनेत तो अजून पुरता रुळलेला नाही, आणि तसाच बरा दिसतो. 22 जून 1897 च्या रात्री राणीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी याच घरात झाली, आणि परतीच्या वाटेवर गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर रँडची वाट पाहत उभे होते. 1949 पासून तिथे विद्यापीठ आहे. ज्या वडांखाली गव्हर्नरच्या बग्ग्या थांबत त्यांच्याखाली आता पीएचडीचे विद्यार्थी सिनॉप्सिस कधी मंजूर होणार याची चर्चा करतात.

जवळच गणेशखिंडीची बाग आहे. 1873 ची. शहरातल्या बहुतेकांना ती ठाऊक नसते, कारण तिथे कारंजं नाही, झोपाळे नाहीत, सेल्फीची कमान नाही. जुने आंबे आहेत, कलमांसाठी राखलेले मातृवृक्ष आहेत, आणि पायाखाली वाळक्या पानांचा असा थर की चालणाऱ्याला आपलाच आवाज नको होतो. 33 हेक्टरची ही जागा 2020 मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. पुण्यात पेशवाईतल्या बागांची नावं बसथांब्यांवर उरली आहेत: रमणबाग, मोतीबाग, हिराबाग, तुळशीबाग. तुळशीबागेत बांगड्या मिळतात. गणेशखिंडीची बाग मात्र बागच राहिली, हे तिचं नशीब, किंवा तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही याचं फळ.

मुळा नदी तशीच पुढे जाते. खडकी मागे टाकून संगमावर मुठेला घेते आणि मुळामुठा होऊन बंडगार्डनला येते. बंडगार्डन हा शब्द पुण्यात इतका एका दमात उच्चारला जातो की त्यात एक बंधारा आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तो 1850 च्या सुमाराचा, सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून झालेला, लष्कराला पाणी मिळावं म्हणून. बंधाऱ्याच्या जवळच 1867 चा फिट्झगेराल्ड पूल. त्याच्या टोकांना दगडी सिंह बसलेले, एका पंज्याखाली चेंडू. पलीकडे थोड्या अंतरावर आगाखान पॅलेस. 1942 च्या ऑगस्टात गांधीजींना तिथे डांबलं, आणि सहाव्या दिवशी महादेवभाई गेले. 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाधी आवारातच, नदीच्या बाजूला. गांधीजी सुटेपर्यंत रोज तिथे फुलं वाहायला जात.

नदीकाठ सुधारण्याच्या नावाखाली आता याच पट्ट्यात दगड आणि सिमेंटच्या पायऱ्या चढत आहेत. काठाला बसायला जागा होईल. काठावर जे बसत होते त्यांचं काय, ते निराळं.

हिवाळ्यात सकाळी साताच्या सुमाराला बंधाऱ्याच्या खालच्या उथळ पाण्यात शेकाटे उभे असतात. काळे पंख, पांढरं पोट, सुईसारखी चोच, आणि गुलाबी, अतिशय लांब पाय; इतके लांब की बाकीचा पक्षी नंतर जोडला असावा. पाण्याला फेस आणि वास दोन्ही. शेकाट्याला त्याचं काही वाटत नाही, घाण पाण्यात किडे भरपूर. तो एक पाय उचलतो, पाणी निथळू देतो, पुढे टाकतो. एखादा उडतो तेव्हा ते पाय शेपटीमागे दोन काड्यांसारखे लोंबत जातात. पुलावर एक माणूस स्कूटर थांबवून निर्माल्याची पिशवी कठड्यावरून खाली सोडतो. सगळे शेकाटे एकदम उडतात, अर्धं वर्तुळ घेतात आणि दहा हात अलीकडे, सिंहाच्या बाजूला, परत उतरतात.