कचाला परत बोलावताना

आवडत्या कथेचा शेवट मनाजोगा झाला नाही, की वाचक तो मनातल्या मनात बदलून पाहतो. अलीकडे तरुण मंडळी तो लिहूनही काढतात. दुसऱ्याच्या कादंबरीतील नायक-नायिका घ्यायचे, मूळ लेखकाने जिथे त्यांची ताटातूट केली तिथून कथेला नवी कलाटणी द्यायची आणि त्यांना एकत्र आणायचे, या उद्योगाला ‘फॅन फिक्शन’ असे नाव आहे. पुष्कळ ज्येष्ठांना हा पोरखेळ वाटतो. आम्हांला तसे वाटत नाही. नाव नवे असले तरी उद्योग जुना आहे आणि त्यात आमच्या सीमाभागाचाही वाटा आहे.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८४३ साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले. दोन्हींचे मूळ महाभारतात आहे. अर्जुन-सुभद्रेचे लग्न होणार, हे नाटकगृहात शिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही बलराम दुर्योधनाच्या बाजूने हट्ट धरून बसतो, अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो, कृष्ण पडद्याआडून सूत्रे हलवतो आणि प्रेक्षक तीन तास रंगून जातो. प्रेमकथेत ‘काय होणार’ यापेक्षा ‘कसे होणार’ यालाच अधिक महत्त्व असते, हे ‘सौभद्रा’इतके स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले असेल.

‘शाकुंतला’ची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि लोकापवादाच्या भीतीने नाकारतो. तीही भर सभेत त्याला खडे बोल सुनावते. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी यांची कलाटणी आणली, तेव्हा नाटकाला अपूर्व कारुण्य लाभले. पण राजाचा अपराध शापाच्या खाती जमा झाला. किर्लोस्करांनी मराठीत आणली ती हीच कालिदासाची शकुंतला. कलाटणी कितीही सुंदर असली, तरी तिने कोणाला सोडवले आणि कोणाला गप्प केले हे पाहावे लागते, असे आम्हांला तेव्हापासून वाटत आले आहे.

निपाणीतील आमच्या लहानशा वाचकमंडळात या प्रश्नाला तोंड फुटले ते ‘ययाती’मुळे. महाभारतात कच संजीवनी विद्या मिळवतो, देवयानीची लग्नाची मागणी नाकारतो, दोघे एकमेकांना शाप देतात आणि कच देवलोकी निघून जातो. तिच्या संसाराच्या कथेत तो पुन्हा येत नाही. वि. स. खांडेकरांनी १९५९ च्या कादंबरीत त्याला परत आणले. त्यांचा कच भोगात बुडालेल्या ययातीच्या समोर संयमाचे प्रतीक म्हणून उभा राहतो. मूळ कथेत ययाती मुलाचे तारुण्य घेऊन हजार वर्षे भोग भोगतो. खांडेकरांचा ययाती पुरूचे वार्धक्य पाहताच हादरतो. शेवटी क्षमा आहे, समेट आहे, वनाची वाट आहे.

१९६१ मध्ये गिरीश कार्नाडांचे ‘ययाति’ हे नाटक कन्नडमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी पुरूला चित्रलेखा नावाची पत्नी दिली. नवऱ्याचे तारुण्य सासऱ्याच्या अंगी गेलेले पाहून ती ययातीलाच जाब विचारते आणि अखेर प्राण देते. तिच्या मृत्यूनंतरच ययातीचे डोळे उघडतात. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने, दोन शेजारच्या भाषांत, एकाच कथेला दोन शेवट मिळाले. आमच्यातील कन्नड शाळेत शिकलेल्या सदस्यांनी नाटक मूळातून वाचले, बाकीच्यांनी त्यांच्या तोंडून ऐकले. सीमाभागात दोन्ही भाषा कानांवर पडतात, त्याचा हा एक लाभ.

मग प्रत्येकाने कच-देवयानीचा आपापला शेवट लिहून आणावा असे ठरले. तरुणांपैकी बहुतेकांनी दोघांचे लग्न लावून दिले. एका निवृत्त गुरुजींनी कडाडून हरकत घेतली. कच शुक्राचार्यांच्या पोटातून बाहेर आला म्हणून तो स्वतःला देवयानीचा भाऊ मानतो. ते मानणे सोडले तर तो कच उरतच नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यावर एकीने विचारले, की पोटातून बाहेर पडण्याचा प्रसंग देवयानीच्याच हट्टापायी घडला, मग त्याचा निकाल तिला न विचारता कसा लागला? वाद बराच वेळ चालला.

त्या वेळी घरी लग्नाची बोलणी सुरू असलेल्या एका मुलीने आपली पाने वाचली. तिच्या कथेत देवयानी लग्नही मागत नाही आणि शापही देत नाही. ती वडिलांकडे संजीवनी विद्या मागते. ज्या बापाने तिच्या शब्दाखातर कचाला पुनःपुन्हा जिवंत केले, तो तिला नाही कसे म्हणेल, असा तिचा सवाल होता. गुरुजींनी विचारले, “अगं, पण मग ययाती कुठे गेला?” ती म्हणाली, “सर, त्याची गरजच उरली नाही.”

तिच्या शेवटाला प्रेमकथा म्हणावे की नाही, यावर आमच्यात आजही एकमत नाही. आमच्या मते मात्र तो त्या दिवशीचा सर्वांत प्रामाणिक शेवट होता. त्यातील कलाटणी बाहेरून आणलेली नव्हती. बापाचा लळा आणि मुलीचा हट्ट मूळ कथेतच आहेत. तिने फक्त त्या हट्टाला दुसरी दिशा दिली.

वाचकाचा आग्रह नेहमीच इतका डोळस नसतो. चार्ल्स डिकन्सने १८६१ मध्ये पूर्ण झालेल्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट एका लेखकमित्राच्या सल्ल्याने बदलला आणि पिप व एस्टेला यांच्या मीलनाची आशा ठेवली. पहिल्या शेवटात ते क्षणभर भेटतात आणि आपापल्या वाटेने जातात. कोणता खरा, हा वाद अद्याप मिटलेला नाही. आम्हांला पहिला जवळचा वाटतो. कारण एस्टेलाने सोसलेल्या दुःखाची भरपाई पिपच्या समाधानाने होत नाही.

शेवट गोड असावा की कडू, हा प्रश्न त्यामुळे आम्हांला दुय्यम वाटतो. त्या गोडीची किंमत कोण मोजतो, हे विचारले पाहिजे. कच परत आला तर शर्मिष्ठेचे काय, पुरू तरणाबांड झाला तरी मधल्या काळात त्याच्या घरात काय घडले, याचा हिशेब देणारा शेवट टिकतो. नव्या लेखकांनी जुन्या कथांवर जरूर हात चालवावा; व्यासांच्या कथेवर कालिदासाने, किर्लोस्करांनी, खांडेकरांनी आणि कार्नाडांनी तेच केले.

आमच्या पुढील बैठकीत शर्मिष्ठेच्या बाजूने शेवट लिहायचा आहे. वाचकांनीही आपापली पाने अवश्य पाठवावीत. लग्न लावून दिले तरी हरकत नाही. फक्त मांडवाबाहेर कोण उभे राहिले, तेही लिहावे.