डोकं वर आल्यावर

तलावातल्या फ्रीडायव्हिंगच्या स्पर्धेत श्वास किती वेळ रोखला आणि पाण्याखालून किती अंतर कापलं हे मोजतात, पण निकाल लागतो तो डोकं पाण्याबाहेर आल्यानंतर. पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्यात गॉगल आणि नाकावरचा चिमटा काढायचा, अंगठा आणि तर्जनी जुळवून खूण करायची आणि पंचाकडे बघत ‘आय ॲम ओके’ म्हणायचं. यातलं काही राहिलं किंवा तोंड पुन्हा पाण्यात गेलं, तर लाल कार्ड. मग पाण्याखाली काय पराक्रम केला होता याला काही किंमत उरत नाही. सगळं नीट झालं तर पंच पांढरं कार्ड दाखवतात. १९९२ साली स्थापन झालेल्या ‘आयडा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेचा हा नियम आहे. स्पर्धेच्या तयारीत मी सर्वांत जास्त जीव ओतला तो या पंधरा सेकंदांसाठी.

मी मूळची वाईची. नोकरीच्या निमित्ताने फिनलंडमधल्या तुर्कू या गावी स्थायिक झाले. पोहायला शिकले ती मामाच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. डबा सुटल्यावर पुढची परीक्षा असे ती तळ आणायची: बुडी मारायची आणि वर येताना मुठीत तळाचा गाळ दाखवायचा. एका श्वासात पाण्याखाली जायची ओढ तिथली. पण त्या ओढीला शिस्त लागली ती इथे, चाळिशी उलटल्यावर. वयाचा प्रश्न मला बरेचजण विचारतात. नतालिया मोल्चानोवा या रशियन बाईंनीही चाळिशीच्या सुमारासच या खेळाला सुरुवात केली आणि २०१३ साली बेलग्रेडला ९ मिनिटं २ सेकंद श्वास रोखून जागतिक विक्रम केला. त्यांच्याशी माझी तुलना होऊच शकत नाही, पण त्यांचा इतिहास वाचल्यावर वयाची सबब सांगायची सोय राहिली नाही.

तुर्कूत राहायला मिळालं हे माझं भाग्यच. इथल्या इम्पिवारा जलतरण केंद्रात पन्नास मीटरचा बंदिस्त तलाव आहे. २०१६ ची तलावातली जागतिक स्पर्धा याच गावी झाली. त्या वेळी पोलंडच्या मातेउश मालिनाने फिन्सशिवाय, म्हणजे पायात कल्ले न घालता, २४४ मीटर अंतर कापलं, आणि फिन्स लावून त्याने आणि ग्रीसच्या योर्गोस पानायोताकिसने ३०० मीटरची बरोबरी साधली. २०१९ मध्ये मालिनाने तुर्कूतच ३१६.५३ मीटरपर्यंत मजल मारली. म्हणजे पन्नास मीटरच्या तलावाच्या सहा फेऱ्या आणि वर थोडं, सगळं एका श्वासात. आमच्या क्लबला याच तलावाच्या दोन लेन संध्याकाळी उशिरा भाड्याने मिळत. नोव्हेंबरात इथे दुपारी साडेतीन-चारलाच अंधार पडतो. ऑफिसातून घरी आल्यावर पुन्हा बर्फातून बाहेर पडायचं, कपडे काढून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची (त्याशिवाय फिनलंडमध्ये कुणी कुणाला तलावात उतरू देत नाही), आणि मग पाण्यात. सरावानंतर सॉना. पहिल्या वर्षी या उघड्या आंघोळीचाच मला श्वास रोखण्याहून जास्त धसका होता.

स्पर्धेसाठी मी दोन प्रकार निवडले. एक स्टॅटिक: पाण्यावर पालथं पडून, तोंड पाण्यात ठेवून, न हलता श्वास रोखायचा. दुसरा फिन्सशिवायचा डायनॅमिक: नुसत्या हातापायांनी पाण्याखालून अंतर कापायचं. पुरुषांचा स्टॅटिकचा आयडाचा विक्रम स्तेफान मिफ्सूद या फ्रेंच माणसाने २००९ मध्ये केला, ११ मिनिटं ३५ सेकंदांचा. वर्तमानपत्रांत कधी कधी चोवीस मिनिटांचा आकडा येतो तो वेगळा. क्रोएशियाच्या बुदिमिर शोबातने २०२१ मध्ये २४ मिनिटं ३७ सेकंद काढली, पण आधी शुद्ध ऑक्सिजन घेऊन. स्पर्धेत आपण घेतो ती साधी हवा, जिच्यात जेमतेम एकवीस टक्के ऑक्सिजन असतो.

श्वास रोखल्यावर जी तगमग होते ती ऑक्सिजन संपल्यामुळे होते, असं मलाही विहिरीच्या काळापासून वाटत असे. तसं नसतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि शरीर ‘श्वास घे’ म्हणून हाका मारू लागतं. पुढे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा आचके देऊ लागतो. पहिला आचका बसतो तेव्हा ऑक्सिजन बराच शिल्लक असतो. तयारीचा मोठा भाग म्हणजे या हाकांची ओळख करून घेणं. त्यासाठी तक्ते असतात. एका तक्त्यात श्वास रोखायची वेळ तीच राहते आणि मधली विश्रांती कमी कमी होत जाते: आधी दोन मिनिटं, मग पावणेदोन, मग दीड. दुसऱ्या तक्त्यात विश्रांती तेवढीच आणि रोखायची वेळ वाढती. पहिला, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा तक्ता, मी घरी सोफ्यावर पडून करत असे. पाण्यात आणखी एक मदत मिळते. चेहऱ्याला गार पाणी लागलं की नाडी मंदावते, हातापायांकडचं रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे वळतं, आणि पांथरी आकसून तांबड्या पेशींचा राखीव साठा रक्तात सोडते. सील आणि देवमाशांची ही देणगी आपल्यालाही मिळालेली आहे, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

सरावातली माझी जोडीदार साठी ओलांडलेली फिनिश बाई, निवृत्त परिचारिका. ती स्वतःही बुड्या मारते, पण त्या हिवाळ्यात तिने सगळा वेळ मला दिला. स्टॅटिकच्या सरावाला मी पालथी पडे, तिचा एक हात माझ्या पाठीवर. ठरलेल्या वेळेला ती खांद्याला दोनदा बोटं लावी, मी तर्जनी उचलून उत्तर देई. उत्तर आलं नाही तर पुन्हा स्पर्श. तरीही नाही आलं तर क्षणाचाही विचार न करता डोकं पाण्याबाहेर. शेवटच्या मिनिटात ती माझ्या कानाशी वाकून संथपणे सांगे, ‘खांदे सोड. जबडा सोड. हात कडेला आण. आता पाय खाली.’ मी कठडा धरून उभी राही. मग ‘श्वास! श्वास! श्वास!’ असं ती जवळजवळ ओरडे, कारण वर आल्यावरचे पहिले दोन-तीन श्वास सर्वांत महत्त्वाचे. तोंड उघडून हवा चटकन आत घ्यायची, क्षणभर धरायची आणि अर्धीच सोडायची. सगळी एकदम सोडून दिली तर शुद्ध जाण्याची भीती असते, कारण त्या नव्या हवेतला ऑक्सिजन मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. त्या मधल्या सेकंदांत माणूस पाण्याबाहेर उभा असतो, डोळे उघडे असतात, आणि तरीही तो धोक्याबाहेर आलेला नसतो.

हे मी प्रत्यक्ष पाहिलं. क्लबातला एक तरुण, दमदार पोहणारा, लांब अंतर कापून कठड्याशी आला, हसला आणि त्याची मान डगडगू लागली. हात गॉगलपर्यंत जाई, पण पट्टी बोटांत येईना. फ्रीडायव्हर मंडळी याला ‘सांबा’ म्हणतात. त्याच्या जोडीदाराने काखेत हात घालून त्याला उचलून धरलं, गॉगल काढला, डोळ्यांपाशी फुंकर घातली, गालावर हलक्या चापट्या मारल्या आणि नाव घेऊन ‘श्वास घे’ म्हणाला. दोन-तीन सेकंदांत मुलगा भानावर आला आणि आपण गॉगल काढलाच नव्हता हे त्याला खरं वाटेना. पाण्यात एकटा असता तर तो गेला असता. अगदी कमरेएवढ्या पाण्यात.

म्हणून आईशी झालेलं एक बोलणं इथे सांगते. ती फोनवर म्हणाली, ‘अगं, मग उतरायच्या आधी भस्त्रिका करत जा की. छाती मोकळी होते, दम वाढतो.’ मी म्हटलं, ‘आई, तेवढं मात्र करायचं नाही.’ जोरजोरात श्वास घेऊन-सोडून रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. निरोगी माणसाचं रक्त मुळातच जवळजवळ भरलेलं असतं. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे हाका मारणाराच. मग तगमग उशिरा सुरू होते, माणसाला वाटतं आज दम छान टिकलाय, आणि कसलीही सूचना न मिळता त्याची शुद्ध हरपते. प्राणायाम मी रोज करते, लांब उच्छ्वासाचा मला फार उपयोगही झाला, पण सगळा कोरड्या जमिनीवर. बुडी मारण्याआधी मी फक्त शांतपणे, पोटाने श्वास घेते आणि शेवटचा एक खोल.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आपल्या विहिरीवर पोरं हेच करत असतात गं.’ करतातच. कोण जास्त वेळ आत राहतो याच्या पैजा उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येक विहिरीवर, नदीच्या डोहात आणि शहरातल्या तलावांवरही लागतात. आधी दहा-वीस मोठे श्वास ओढायचे हेही पोरं एकमेकांना शिकवतात. वर उभ्या असलेल्या मंडळींना वाटतं पोरगं चांगलं पोहतं, त्याला काय होणार. पण शुद्ध हरपते ती चांगल्या पोहणाऱ्याची, कारण भित्रा आधीच वर येतो. मी आईला भाचरांना फोनवर बोलवायला सांगितलं आणि फिनिश बाईंनी मला जे शिकवलं ते त्यांना सांगितलं: एक आत तर एक बाहेर, आणि बाहेरच्याने नजर काढायची नाही, आणि आधी श्वास ओढत बसायचं नाही.

फिन्सशिवायच्या डायनॅमिकमध्ये ताकदीपेक्षा सरकण्याला महत्त्व आहे. एकदा हात मांडीपर्यंत ओढायचे आणि शरीर सरळ ठेवून सरकत राहायचं. वेग मरायच्या आत हात अंगालगत पुढे न्यायचे, बेडकासारखे पाय मारायचे, पुन्हा सरकायचं. घाई केली की मांड्या ऑक्सिजन खातात. फुप्फुसात हवा भरलेली असल्यामुळे शरीर वर उचललं जातं, म्हणून गळ्यात वजन लागतं. ते बाजारात मिळतं, पण आमच्या क्लबात सगळे स्वतः करतात: सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये शिशाचे छर्रे भरायचे, टोकं आवळून बांधायची आणि वरून चिकटपट्टीचे वेढे द्यायचे. मूठभर छर्रे जास्त झाले तर तळाशी घासत जावं लागतं, कमी झाले तर सगळी शक्ती खाली राहण्यातच जाते. माझं वजन जुळेपर्यंत ती ट्यूब अनेकदा उकलली आणि पुन्हा बांधली. ज्या संध्याकाळी न वर, न खाली, मधल्या पाण्यात आपोआप सरकत गेले, त्या संध्याकाळची आठवण मला पुढल्या सगळ्या आकड्यांहून प्रिय आहे.

आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी प्रोटोकॉल. पंचवीस मीटर केले तरी प्रोटोकॉल, सोफ्यावरच्या तक्त्यानंतरही प्रोटोकॉल. गॉगल, चिमटा, खूण, ‘आय ॲम ओके’. मेंदू अर्धवट जागा असला तरी हातांनी ते आपलं आपण करावं, इतकं अंगवळणी पडायला हवं. घरातल्यांना सवय झाली होती. स्वयंपाकघरात उभी राहून मी कुणालाच उद्देशून नसलेलं ‘आय ॲम ओके’ म्हणत असे.

शेवटच्या आठवड्यात सराव जवळजवळ बंद केला. लांब बुड्यांनी शरीर थकतं ते बाहेरून दिसत नाही, आणि थकलेलं शरीर आयत्या वेळी दगा देतं. झोप, हलकं जेवण, कॉफी वर्ज्य. फिनलंडमध्ये कॉफी सोडणं ही साधी गोष्ट नाही.

आदल्या संध्याकाळी आपला आकडा जाहीर करावा लागतो. स्टॅटिकला प्रत्येक सेकंदाला ०.२ गुण, डायनॅमिकला प्रत्येक मीटरला अर्धा. जाहीर केल्यापेक्षा कमी भरलं तर पिवळं कार्ड आणि गुणांत कपात. मी स्टॅटिकला चार मिनिटं लिहिली आणि डायनॅमिकला ७५ मीटर. जोडीदार म्हणाली, ‘सरावात तू याहून पुढे गेली आहेस. ८० लिही.’ मी नको म्हटलं. पन्नासच्या तलावात ७५ म्हणजे दुसऱ्या फेरीच्या बरोबर मध्यावर वर यायचं. तिथे कठडा नसतो, लेनची दोरी धरून प्रोटोकॉल करावा लागतो, आणि तो सराव मी केला होता. ७५ ची खूण ओलांडल्यावर डोकं स्वच्छ असेल तर आणखी दोनदा हात मारता येतील. पण ८० लिहून दिले तर सत्तरपासूनच माझं लक्ष राहिलेल्या दहा मीटरांवर जाईल, आणि मला ते वर आल्यानंतरच्या पंधरा सेकंदांसाठी हवं होतं. तिने आकडे पुन्हा पाहिले, मान डोलावली आणि फॉर्मवर सही करायला पेन दिलं.

यादी कमी आकड्यापासून चढत्या क्रमाने लागते. माझं नाव वरून तिसरं आलं, म्हणजे सकाळी लवकर. स्टॅटिकच्या वेळी पोट रिकामं असावं लागतं, म्हणून तिने न्याहारी पहाटे साडेपाचची ठरवली आणि मला घरी झोपायला पाठवलं.