मोटर मोठी, डीपी लहान

"भाऊ, आय-नाइन केवढ्याला बसंल?" दुकानाची पायरी चढता चढताच पोरगं विचारतं. मी किंमत सांगत नाही. मी विचारतो, "कॅमेरा कोणता हाय?" पोरगं माझ्याकडं बघत राहतं. आपण कॉम्प्युटर घ्यायला आलो आणि हा माणूस कॅमेऱ्याचं कामून विचारतोय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं.

जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या टेंभुर्णीत मी कॉम्प्युटर जुळवून देतो. गिऱ्हाईक मुख्यतः दोन तऱ्हेचं. लग्नाचं शूटिंग करून एडिटिंग करणारे आणि गेम खेळणारे. दोघंही प्रोसेसरचं नाव यूट्यूबवरून पाठ करून येतात. कॅमेऱ्याचा प्रश्न मात्र मला माझ्याच एका चुकीनं शिकवला.

एका शूटिंगवाल्या पोराला मी आय-फाइव्ह १२४००एफ प्रोसेसर बसवून दिला होता. सहा कोअर, बारा थ्रेड. त्याच्या बजेटात चोख. साधा १२४०० आणि हा 'एफ'वाला यांच्यात फरक एवढाच, की 'एफ'मध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं. त्याच्याकडं वेगळं ग्राफिक्स कार्ड होतंच. म्हटलं, अंगचं हवंय कशाला? हजार-दीड हजार वाचवून दिल्याचा मलाच आनंद.

मग त्यानं नवा कॅमेरा घेतला. दुसऱ्याच लग्नानंतर फोन आला, "मामा, टाइमलाइन अडकायलीय." घरी जाऊन बघितलं. हळदीची क्लिप होती. प्ले दाबलं की दोन सेकंद चालायची आणि थिजायची. हळदीनं माखलेला हात नवरीच्या गालापर्यंत यायचा आणि तिथंच राहायचा. टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर धापा टाकतोय आणि महागडं ग्राफिक्स कार्ड निवांत बसलंय.

कारण सापडायला रात्र गेली. नवा कॅमेरा एच-२६५ मध्ये, १० बिट, ४:२:२ रेकॉर्ड करत होता. एच-२६५ जागा वाचवतं ते प्रत्येक फ्रेम पूर्ण न लिहिता. आधीच्या फ्रेमपासून काय बदललं तेवढंच लिहितं. म्हणून एक फ्रेम दाखवायची, तर आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. फोर-के च्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल, आणि सेकंदाला २५ फ्रेम. वर ४:२:२, म्हणजे साध्या ४:२:० च्या दुप्पट रंगमाहिती. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल नीट सुधारता येतो तो त्याच्याच जोरावर. पण हा प्रकार उलगडणारं यंत्र त्याच्या कार्डात नव्हतंच. एनव्हीडियानं ते २०२५ च्या ५० मालिकेपासून दिलं. इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये मात्र, क्विक सिंक नावानं, ते अकराव्या पिढीपासून आहे. आमच्याकडचे बरेच लग्नवाले ज्या एडियस सॉफ्टवेअरवर काम करतात, ते तर जुन्या काळापासून क्विक सिंकवरच भिस्त ठेवून आहे. वाचवलेल्या दीड हजारात मी नेमकं तेच कापून टाकलं होतं.

चूक माझी, म्हणून भुर्दंडही माझा. साधा १२४०० मागवला, त्याच सॉकेटात बसवला. हळदीचा हात गालावरून अलगद खाली उतरला.

काढलेला 'एफ' महिनाभर कपाटात पडून होता. मग गेम खेळणारा एक पोरगा आला. ग्राफिक्स कार्ड त्यानं आधीच घेऊन ठेवलेलं. त्याला तोच प्रोसेसर दिला आणि तो खूश झाला. चिप तीच, एकाच्या गळ्यातलं लोढणं दुसऱ्याच्या कामाचं निघालं.

गेमचं गणितच वेगळं. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेमला मिळतात जेमतेम सात मिलिसेकंद. तेवढ्यात शत्रू कुठं आहे, गोळी कुठं लागली, हे सगळं प्रोसेसरनं ठरवून कार्डाला सांगायचं. ही कामं बरीचशी एकामागून एक होतात. दहा जणांत वाटता येत नाहीत. व्हिडिओ एक्स्पोर्ट करणं म्हणजे सोयाबीनची सोंगणी: जितकी माणसं जास्त, तितकं रान लवकर मोकळं. गेम म्हणजे विहिरीचं खोदकाम. वर कितीही माणसं उभी करा, तळाशी पहार मारायला जागा एक-दोघांनाच. तिथं हात चपळ लागतो आणि हत्यार जवळ लागतं. एएमडीच्या एक्स-थ्रीडी प्रोसेसरांनी नेमकं हेच केलं. २०२२ च्या ५८००एक्स-थ्रीडी मध्ये कोअर आठच ठेवले, पण चिपवर आणखी एक थर चढवून एल-थ्री कॅशे, म्हणजे कोअरजवळची मेमरी, ३२ वरून ९६ एमबी केली. हत्यार आणायला वर, रॅमपर्यंत जाण्याच्या खेपा वाचल्या. गेम पळायला लागले. एक्स्पोर्टला मात्र त्याचा म्हणावा तसा फायदा नाही.

हे सगळं प्रोसेसरचं झालं. मदरबोर्डाचं कुणी विचारतच नाही. "बोर्ड कोणताबी टाका, त्यात काय असतंय!" असं सांगणाऱ्यांत एक पोरगा वडलांना घेऊन आला होता. मशीन शहरातल्या एका दुकानातून जुळवून आणलेलं. आत आय-सेव्हन १२७००के, म्हणजे बारा कोअरचा पहिलवान, आणि खाली एच-६१० चा सगळ्यात स्वस्त बोर्ड. तक्रार अशी, की एक्स्पोर्ट सुरुवातीला पळतं आणि पाच मिनिटांत मलूल पडतं.

मी एक्स्पोर्ट लावलं, झाकण काढलं आणि सॉकेटच्या कडेला बोट नेलं. टेकवायची हिंमत झाली नाही. तिथं काळ्या चौकोनी चकत्यांची एक रांग असते, तिला व्हीआरएम म्हणतात. पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट ती उतरवून प्रोसेसरला साधारण सव्वा व्होल्ट देते. हा प्रोसेसर जोर लावतो तेव्हा १९० वॅटपर्यंत ओढतो. सव्वा व्होल्टनं भागा: दीडशे अँपिअर. पाच एचपीची मोटर थ्री फेजवर सात-साडेसात अँपिअर घेते. इथं बोटभर जागेतून तिच्या वीसपट करंट जातो. ह्या बोर्डावर त्या चकत्या मोजक्याच, आणि त्यांच्यावर थंड करणारी अॅल्युमिनियमची पट्टीही नाही. त्या तापल्या की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो.

पोराला मी हे सांगत होतो. तो मान डोलवत होता. बाप स्टुलावर बसून ऐकत होता. मधेच म्हणाला, "म्हंजी मोटर मोठी अन् डीपी लहान. रातच्याला समद्यांनी मोटरी टाकल्या की आमची डीपी अशीच तापती." डीपी म्हणजे मोटरींना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर. मग पुढं वाकून त्या रांगेकडं बोट करत त्यानं विचारलं, "हिला फेज किती हायती?"

मी थक्क झालो. व्हीआरएमच्या टप्प्यांना खरंच फेज म्हणतात, आणि बोर्ड घेताना पहिलं तेच विचारायला हवं. इतक्या वर्षांत कुणा गिऱ्हाइकानं विचारलं नव्हतं. त्याला तीन फेज ठाऊक. मी त्याला चांगल्या बोर्डावरचे बारा मोजून दाखवले. त्यानं तिथंच बोर्ड बदलायला सांगितलं.

मे महिन्यात आमच्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या खोलीत एडिटिंग चालतं. प्रोसेसरवरचा कूलर कितीही भारी लावा, तो खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पंचवीस अंशांच्या खोलीत पंच्याहत्तरवर राहणारा प्रोसेसर बेचाळीस अंशांत नव्वदीच्या पुढं जातो, आणि इंटेलचे बरेचसे शंभराला आवरतं घेतात. म्हणून इथं स्वस्त बोर्डावरच्या आय-नाइनपेक्षा बऱ्या फेजांच्या बोर्डावरचा आय-फाइव्ह मला जास्त भरवशाचा वाटतो. जालन्यात एसीत बसणाऱ्याला मी वेगळं सांगेन.

बोर्ड पुढची वाटही ठरवतो. एच-६१० वर रॅमच्या खाचा दोनच. आज दोन्ही भरल्या तर उद्या वाढवताना आधीची काढून ठेवावी लागते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटावर बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या बसल्या आणि २०२४ मध्ये सॉकेट बदललं. एएमडीच्या एएम-४ वर २०१७ चा पहिला रायझन बसला आणि २०२४ ला आलेला ५७००एक्स-थ्रीडीही बसतो. बोर्डाचा बायोस तेवढा नवा करून घ्यायचा. ज्याच्याकडं पैसे टप्प्याटप्प्यानं येतात, त्याला ही वाट प्रोसेसरच्या आकड्यापेक्षा मोलाची.

प्रोसेसर बसवण्याचं काम तेवढं आजही धाकधुकीचं. एलजीए १७०० मध्ये केसासारख्या बारीक सतराशे पिना बोर्डात उभ्या असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवायचा, प्रोसेसर अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. तरफ खाली घेताना कर्रर्र असा आवाज येतो. शंभरदा ऐकूनही छातीत धस्स होतं. एएम-४ मध्ये पिना प्रोसेसरलाच. एकदा थंडीत कूलर सरळ वर ओढला, तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून आला आणि चार पिना आडव्या. सुईच्या टोकानं, श्वास रोखून सरळ केल्या. तेव्हापासून आधी मशीन दहा मिनिटं चालवतो, पेस्ट मऊ होऊ देतो, बंद करतो आणि मग कूलर डावी-उजवीकडं फिरवत सोडवतो.

हल्ली कोटेशनच्या कागदावर मी पहिल्या ओळीत बोर्ड लिहितो, पुढं फेज किती तेही. पोरांचं बोट ती ओळ ओलांडून सरळ प्रोसेसरवर जातं. "आय-फाइव्ह? आय-नाइन न्हाई बसायचा व्हय?"

मी कागद परत ओढून घेतो. "बसंल की. पर आधी सांग, कॅमेरा कोणता हाय?"