पाण्याचे भांडे

वाचकहो, आपल्या घरी वय झालेला कुत्रा असेल, तर त्याच्या पाण्याच्या भांड्याकडे आज जरा लक्षपूर्वक पाहा. मी ते वेळेवर पाहिले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आमचा पामेरियन मोती तेरा वर्षांचा झाला, तेव्हा पहाटे उठल्यावर बैठकीच्या खोलीत ओले दिसू लागले. आयुष्यात कधी घरात घाण न केलेला तो जीव ओशाळून कोपऱ्यात बसलेला असे. ‘वय झाले, असे व्हायचेच,’ असे म्हणून मी फरशी पुसत असे. रात्री पाणी कमी प्यायला तर हा त्रास टळेल, या हिशेबाने झोपण्यापूर्वी त्याचे भांडे मी ओट्यावर उचलून ठेवू लागले. एका रात्री तो न्हाणीघराची ओली फरशी चाटताना दिसला. त्यानंतर मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासला. निदान झाले मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचे. मूत्रपिंडे थकली की लघवी दाट करण्याची त्यांची शक्ती जाते आणि शरीरातले पाणी वाहून जाते. मोती जास्त पाणी पीत होता म्हणून लघवी वाढली नव्हती. लघवी वाढली होती म्हणून त्याला प्यावे लागत होते. मी मात्र त्याचे पाणीच तोडले होते. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तोवर मूत्रपिंडांची सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती बहुधा संपलेली असते. तहान त्याआधीच बोलू लागते, हेही तेव्हा समजले.

हा विकार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. घरात तीन ठिकाणी पाणी ठेवले. फॉस्फरस कमी असलेला विशेष आहार सुरू झाला. हाडे, कलेजी, चीज बंद केले. प्रथिने मात्र मनाने तोडू नयेत, नाहीतर अंगावरचे मांस झडते, अशी ताकीद पशुवैद्यांनी दिली. मळमळीमुळे तो ताटलीपासून तोंड फिरवी. तेव्हा मळमळीचे औषध देऊन अन्न किंचित कोमट केले की चार घास खाई. दर पंधरवड्याला माझे यजमान त्याला उचलून काट्यावर उभे राहत आणि स्वतःचे वजन वजा करून वहीत आकडा लिहीत.

सर्वांत भीती वाटली ती सलाईनची. पशुवैद्यांनी दोनदा हाताला धरून शिकवले. पिशवी खिडकीच्या गजाला टांगायची, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची आणि सुई अलगद आत घालायची. एक दिवसाआड शंभर मिलिलिटर. कातडीखाली उंचवटा येई आणि काही तासांत जिरून जाई. पहिल्या दिवशी माझा हात थरथरला. पुढे मोतीच वेळ झाली की आपल्या चटईवर जाऊन बसे. हे प्रमाण प्रत्येक कुत्र्याचे निराळे असते, आणि हृदय अशक्त असल्यास हा उपाय बाधतो. म्हणून पशुवैद्यांना विचारल्याशिवाय काही करू नये.

आणखी दोन गोष्टी विसरू नका. आपल्या गुडघेदुखीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी औषधे त्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. द्राक्षे आणि मनुकाही तशाच घातक. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा त्याला नको.

मोती त्यानंतर चौदा महिने जगला. दिनदर्शिकेवर आम्ही चांगल्या दिवसांना टिकली लावत असू. दाराशी स्वागताला आला, पोटाला खाल्ले, उन्हात लोळला, तर टिकली. शेवटच्या महिन्यात एक ओळ रिकामी गेली, मग दुसरी. तेव्हा पशुवैद्यांना घरी बोलावून आम्ही त्याची सुटका केली. त्याचे डोके यजमानांच्या मांडीवर होते. तो निर्णय कठीण होता. पण दिनदर्शिका समोर होती, म्हणून आम्ही स्वतःला फसवू शकलो नाही.

त्या पहिल्या काही आठवड्यांची बोचणी अजून आहे. आपल्या घरातले म्हातारे जनावर, किंवा माणूसही, अचानक फार पाणी पिऊ लागले, रात्री वारंवार उठू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. भांडे भरलेले ठेवा आणि तपासणी करून घ्या.